तिसऱ्या कप्प्यातल्या आजी

मी एका रुग्णालयाच्या प्रोग्राममधला हॅशमॅप, म्हणजे नोंदींचं कपाट, बोलतोय. दचकू नका. ज्यांनी मला जन्माला घातलं तेही माझ्याशी बोलत नाहीत, नुसतं मागतात.

माझं काम सोपं आहे. रुग्णाचं नाव आणि पलंगाचा क्रमांक मिळून एक किल्ली होते. तिच्यावरून मी एक आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात. आकड्यावरून कप्पा ठरतो, आणि त्यात त्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही ते मी ठेवतो. कप्पे सोळा. एकाच कप्प्यात दोघं आले, तर दुसरा पहिल्याच्या मागे उभा राहतो. माणसांसारखी ढकलाढकली नाही.

आज सकाळी पलंग चारवरच्या आजींना अकरावर हलवलं. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. इंजेक्शनआधी सिस्टरनी मला विचारलं. मी म्हणालो, "नोंद नाही." सिस्टरच्या लक्षात होतं म्हणून निभावलं. पण तासाभरात पाळी बदलणार होती, आणि पुढच्या सिस्टरना आजी ठाऊक नव्हत्या.

दोष कुणाचा? अर्थात माझा! प्रोग्राम सांभाळणारे साहेब धावत आले. कुठलाही बिघाड असो, त्यांच्याकडे काढा एकच, म्हणून सगळे त्यांना मागून 'रीस्टार्टसाहेब' म्हणतात.

"साइझ, म्हणजे एकूण नोंदी, बारा दाखवतोय आणि भरलेले कप्पे नऊच! तिघं गिळले यानं. रीस्टार्ट करा."

"आधी आत बघू द्या ना, सर," त्यांच्या हाताखालची धाकटी प्रोग्रामर म्हणाली. तिला नोकरीला लागून तीनच महिने झालेत, म्हणून तिला अजून प्रश्न पडतात.

"अगं, रीस्टार्ट केलं की चालतं. चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

"चालतीये कुठे, सर? आजींच्या जिवावर बेतलं असतं."

तिनं मला मध्येच थांबवलं आणि माझं पोट उघडलं. प्रत्येक कप्प्यातला 'नेक्स्ट', म्हणजे मागे कोण उभं आहे ते सांगणारा धागा, उघडला, तर हरवलेले तिघं मागे शांत उभे! साहेबांनी रांगेतलं फक्त पहिलं डोकं मोजलं होतं.

तिसऱ्या कप्प्यात, दुसऱ्या जागी, आजी होत्या. पेनिसिलिनच्या नोंदीसकट.

"बघा सर. किल्लीवर पलंग अकरा आहे, पण हॅश जुनाच, चारचा. आत ठेवलेल्या किल्लीवरच आपण पलंग बदलला. हा बिचारा अकराच्या हिशेबानं नवव्या कप्प्यात शोधतोय."

"मग रीस्टार्टनं कसं जमतं?"

"नोंदी नव्यानं भरल्या जातात म्हणून. पुढचा पलंग हलेपर्यंत."

"असली बदलणारी किल्ली ठरवली कोणत्या गाढवानं?"

धाकटीनं नुसती प्रोग्रामची फाईल वर सरकवली. पहिल्या ओळीत लेखकाचं नाव होतं. साहेब एकदम छताचा पंखा बारकाईनं तपासू लागले.

तिनं रुग्णाचा नोंदणी क्रमांक किल्ली केला. तो पलंगाबरोबर हलत नाही. चाचणी घेतली. पाळी बदलायला दहा मिनिटं होती.

"सर, आता करा रीस्टार्ट."

साहेबांचा चेहरा उजळला. अखेर त्यांच्या तोडीचं काम आलं.

त्यात मी जाणार. माझ्या जागी दुसरा येईल, जरा बऱ्या किल्लीचा. जाताना एकच मागणं: तो कधी 'नाही' म्हणाला, तर त्याला चोर ठरवण्याआधी आत डोकावा, आणि रांगेच्या शेवटापर्यंत बघा.

आजी अकरावर आहेत. त्यांना पेनिसिलिन देऊ नका. मला हे सकाळपासून माहीत होतं.