पुढचा जिना

हार्कम हॉल ज्यानं बांधला त्या म्हाताऱ्या कॉर्बिननं लोखंडाच्या भट्ट्यांवर पैसा केला होता, आणि नव्या श्रीमंताला नोकर नजरेसमोर नको असतात. म्हणून त्यानं एका घरात दोन घरं बांधली. मालकांसाठी ओकच्या लाकडाचा पुढचा जिना, वरात उतरेल एवढा रुंद. आमच्यासाठी भिंतीच्या पोटातून वळत जाणारा मागचा जिना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उलट्या पावली परत जायचं. मधल्या दारांना हिरवं जाड लोकरी कापड ठोकलेलं, आमचा आवाज तिकडे पोचू नये म्हणून. कोळसा, राख, रात्रीची मुताची भांडी, मेलेला माणूस, सगळं मागून. नोकरीला लागल्यापासून मी पुढच्या जिन्याची पायरी न् पायरी गुडघे टेकून घासली, पण उभ्यानं तो कधी उतरले नाही.

मग युद्ध आलं आणि बाईसाहेबांनी घर जखमींना दिलं. त्या मनानं वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. नाचाच्या दालनात अधिकाऱ्यांच्या खाटा पडल्या, वरच्या मजल्यावर मुलांच्या जुन्या खोल्यांत साधे शिपाई. खाली तळमजल्यावर, बाहेर काढलेल्या बिलियर्डच्या खोलीला छतात काच होती, उजेड भरपूर, तिथं डॉक्टर लिंथवेट कापाकापी करायचे. घराचं इस्पितळ झालं, पण भिंती काही हलल्या नाहीत. किल्ल्याही बटलर आयलिफच्या कमरेलाच राहिल्या.

त्या शिपायांत माझा धाकटा भाऊ नेड आला. डावा पाय मांडीतून कापलेला.

"हेटी, बापानं जन्मभर या घराचा कोळसा मागच्या जिन्यानं चढवला," मला बघून तो म्हणाला, "आणि आज मला चढवला. वजनात काही फरक पडला का विचार त्या पोकॉकला."

"कोळसा बरा," पोकॉक घाम पुसत म्हणाला. "तो निदान तोंड बंद ठेवतो."

पोकॉक घरातला फुटमन, म्हणजे मालकांच्या दिमतीचा वर्दीतला नोकर. एक डोळा अधू म्हणून सैन्यानं नाकारलेला, आता स्ट्रेचर वाहायचा. त्याचा माझ्यावर जीव होता, हे स्वयंपाकघरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मलाही तो आवडायचा. का नाही म्हणू?

नेडची जखम चिघळली. एका सकाळी पट्टी बदलताना आत सडत आलेली धमनी फुटली आणि रक्ताची चिळकांडी सिस्टर मार्सडेनच्या तोंडावर उडाली. तिनं माझी मूठ धरून त्याच्या जांघेत रोवली.

"दाब! सगळा भार टाक! ही मूठ हलली तर गेला तो. मी डॉक्टरांना तयार करते, तुम्ही घेऊन या!"

पोकॉकनं आणि टब नावाच्या म्हाताऱ्या माळ्यानं स्ट्रेचर उचललं आणि दोघं न बोलता मागच्या जिन्याकडे वळले. मीही वळले. पुढचा जिना तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. पहिल्याच वळणाला स्ट्रेचरचे दांडे भिंतीत रुतले. कठडा आणि स्ट्रेचर यांच्यात माझं कोपर चिरडलं, मूठ सरकली, आणि गरम रक्त पायऱ्यांवरून खाली पळालं. नेड गुरासारखा ओरडला.

"मागे! मागे घ्या, मुडद्यांनो!" मी किंचाळले. "पुढच्या जिन्यानं!"

टब माझ्याकडे बघतच राहिला. "पुढच्या?"

"हो, पुढच्या! रुंद आहे ना तो?"

कसेबसे वर आलो. हिरवं दार कुलपात होतं. मी लाथा घातल्या, पण त्या कापडावर लाथांचा आवाज तरी कसला येणार! शेवटी आरडाओरडा ऐकून आयलिफ आमच्याच बाजूच्या बोळातून आला, हातमोजे चढवत.

"काय गोंधळ आहे हा, हेटी गॅड?"

"दार उघडा, आयलिफसाहेब. माझा भाऊ मरतोय."

त्यानं जमिनीवरचं रक्त पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. "त्या बाजूला गालिचा आहे. तुम्हाला तुमचा जिना आहे."

"त्यात मावत नाही हो हा!"

"मग तिरपा करा. पोकॉक, मी काय सांगतोय?"

"जी साहेब," पोकॉक म्हणाला. आणि खरोखर मागे वळू लागला.

माझा एक हात भावाच्या जांघेत अडकलेला. हात काढावा तर नेड जातो, न काढावा तरी जातो. नेडचे ओठ पांढरे पडले होते, ओरडणं थांबलं होतं, आणि त्या थांबण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"खाली ठेवा!" मी म्हणाले. "पोकॉक, इथं ये. माझ्या मुठीच्या जागी तुझी मूठ. दाब. अजून दाब, हाड लागेपर्यंत!"

त्यानं दाबलं. रक्त थांबलं. मी उठले, भिंतीशी ठेवलेली राखेची लोखंडी बादली उचलली आणि आयलिफच्या तोंडावर हाणली. त्याचे पुढचे दात तुटून माझ्या पायाशी पडले. तो गुडघ्यावर आला तशी दुसरी कानशिलावर हाणली. राख, रक्त, सगळं त्याच्या पांढऱ्या शर्टावर. त्यानं माझे केस धरले, मी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावले आणि कमरेची किल्ल्यांची साखळी पट्ट्यासकट उपटली. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दार उघडलं. टब पुढे, मी मागच्या दांड्यांना, आणि पोकॉक बाजूनं चालत, मूठ दाबून. त्या जिन्यावर बाजूनं चालायला जागा होती. लाल गालिच्यावर नेडचं रक्त ठिबकत होतं, पण थेंबाथेंबानंच. त्यानं डोळे उघडून वरचं कोरीव छत पाहिलं.

"हेटी," तो पुटपुटला, "बापाला सांगायला हवं."

"तूच सांग. गप्प पड आता."

शेवटच्या पायऱ्या राहिल्या होत्या. बिलियर्डच्या खोलीचं दार उघडंच होतं, डॉक्टर बाह्या वर करून उभे होते. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून बाईसाहेब धावत बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक, हात पुढे केलेले. त्यांना मदत करायची होती, देवाशपथ दुसरं काही नव्हतं. आणि समोरच्या आम्हा नोकरांत त्यांना नावानं ठाऊक असलेला तो एकच.

"पोकॉक!" त्या म्हणाल्या. "पोकॉक, मी काय करू?"

बाईसाहेब बोलल्या की फुटमननं टाचा जुळवायच्या, ताठ उभं राहायचं, दोन्ही हात विजारीच्या शिवणीला. आयलिफनं त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून छडी मारून मारून हे शिकवलं होतं.

पोकॉकनं टाचा जुळवल्या. ताठ उभा राहिला. दोन्ही हात बाजूला गेले.

"जी, बाईसाहेब," तो म्हणाला.

रक्त कठड्यापर्यंत उडालं. मी दांडे टाकून नेडच्या अंगावर झेप घेतली, पण मूठ जागेवर बसेना, सगळं निसरडं झालं होतं. डॉक्टर धावत आले, त्यांनी मला ढकलून हात घातला, आणि थोड्या वेळानं काढून घेतला.

मग मी पोकॉकला मारलं. आधी थोबाडीत, मग मुठींनी, मग खिळ्यांचा बूट लागावा तशा लाथांनी. नाक फुटलं, ओठ फाटला, अधू डोळा सुजून मिटला. "मार की मला!" मी ओरडत होते. "हात उचल! एकदा तरी हात उचल रे!" तो रडत होता, आणि तसाच उभा होता. डॉक्टरांनी आणि टबनं मिळून मला ओढून काढलं तेव्हाही त्याचे हात शिवणीलाच होते. मालकांनी दिलेल्या वर्दीच्या विजारीला डाग लागू नयेत म्हणून रक्तानं भरलेले तळवे तेवढे त्यानं बाहेर वळवले होते.