‘तोडा’ कुणाला म्हटलं, ते मला माहीत होतं

आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज मी स्वतः बोलतोय. मी वसराम नायकाचा मोबाईल. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय आणि पाठीवरचं कव्हर हळदीनं पिवळं पडलंय, पण त्याचं मला काही नाही. मला बोचतो तो एक शब्द. तो कुणासाठी होता हे अख्ख्या बंजारा तांड्यात दोघांनाच ठाऊक होतं, वसरामला आणि मला. मला तोंड नाही. त्यानं तोंड उघडेपर्यंत एका पोरीच्या नावाचे धिंडवडे निघाले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. जन्मल्याबरोबर डब्यात घातलं, तर कुणाला काय आठवणार? डोळे उघडले ते कळमनुरीच्या एका दुकानात. वसराम मला घ्यायला आला तो बापासाठी. त्याचा बाप रामसिंग, तांड्याचा नायक, छातीच्या आजारानं खाटेला खिळला होता, आणि हिंगोलीच्या डॉक्टरांशी बोलायला घरात धड फोन नव्हता. पहिले काही महिने मी इमानेइतबारे राबलो. डॉक्टर, हळदीचा भाव, सासरी दिलेल्या बहिणीची खुशाली, एवढंच माझं जग होतं.

मग हळद शिजवायचे दिवस आले. कुरुंद्याचा दीपक हळदीचा कुकर घेऊन तांड्यावर आला. वाफ धरेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून त्यानं माझ्यात एक खेळ टाकला. ‘गडझुंज’ त्याचं नाव.

“टाइमपास हाय दादा,” दीपक म्हणाला. “कटाळा आला की बंद करायचा.”

बंद करता येत होता, पण तो थांबत नव्हता, हीच तर त्यातली मेख. प्रत्येकाला एक गड मिळतो. तट बांधायचा, शिपाई ठेवायचे, पन्नास जणांची टोळी करायची आणि दुसऱ्या टोळीवर चालून जायचं. तुम्ही मला खिशात घातलंत तरी तिकडे लढाई चालूच. तुम्ही जेवत असता तेव्हा कुणीतरी तुमच्या तटाला शिड्या लावत असतो. मग मला हुकूम यायचा, ‘गडावर हल्ला!’ आणि मी थरथरायचो. मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा म्हणवून घेणार नाही. मांडीला चिकटून बसून नको त्या वेळी थरथरणारा मीच होतो.

“अवं, जेवण निवून राहिलं,” वसरामची बायको निता हाक मारायची.

“आलो, दोनच मिनिटं.”

त्या दोन मिनिटांत भाकरीचं चामडं व्हायचं. निता ती गाईपुढे टाकायची आणि दुसरी थापायची. वर्षभरानं तिनं दुसरी थापणं सोडलं.

लोक म्हणायचे, वसरामला खेळाचं वेड लागलं. मी त्याच्या तळहातावर राहत होतो, म्हणून सांगतो, वेड खेळाचं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, पण तांड्यात त्याची ओळख एकच: रामसिंग नायकाचा वसराम. त्याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. खेळात मात्र त्याचं डोकं चाललं. कुणाला पुढे पाठवायचं, कुणाला राखून ठेवायचं, हे त्याला बसल्या जागी उमजायचं. सहा महिन्यांत तो पन्नास जणांचा म्होरक्या झाला. टोळीला त्यानं नाव दिलं ‘लदेणी’. पूर्वी तांड्यातले लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या प्रवासाचं हे नाव. आता पंजाबातला कुणी, बिहारमधला कुणी, त्याला “नायकजी, क्या करना है?” असं विचारायचा. ते ऐकताना त्याच्या अंगठ्याला घाम सुटायचा. मला त्याचा राग कधी आला नाही. वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी रामसिंगचा आवाज पार बसला. नायकाची गादी घराण्यात चालते, म्हणून नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, वसरामनं बसायचं ठरलं. ज्याच्यासाठी तो खेळात जीव टाकत होता ते खरोखरीच चालून आलं. पण तोवर त्याला खोट्याची गोडी लागली होती.

पहिलाच मोठा मामला पुनमचा निघाला. पुनम रुक्माबाईची लेक. बाप नाही. हिंगोलीत नर्सिंग शिकत होती. सेनगावकडच्या तांड्यातल्या संतोषशी तिची सोयरीक ठरली होती आणि गूळही वाटला गेला होता. गूळ खाल्ला म्हणजे बोलणं पक्कं. पोरगा-पोरगी दोघं राजी होती. पोरीचं एकच मागणं होतं, शिक्षणाचं उरलेलं एक वर्ष थांबा. मुलाकडचे म्हणत होते, याच उन्हाळ्यात लग्न करा, न्हाईतर सोडा.

नसाबीच्या आदल्या दिवशी पुनम घरी आली होती. तेव्हाही मी वसरामच्या हातातच होतो.

“काका, तुमी एक वरीस मागून घ्या. संतोष थांबायला तयार हाय. नायकानं शब्द टाकला की त्याच्या घरचे मानतेत.”

“मी हाय ना,” वसराम म्हणाला. मनापासून म्हणाला, फक्त मान वर करून म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर नसाब बसली. मुलाकडून त्यांच्या तांड्याचा नायक, सेवा, आला होता. वसरामनं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, आणि टॉवेलाखाली एका कानात माझी वायर होती. त्याच दिवशी, त्याच घटकेला लदेणीची मोठी लढाई लागली होती. मी शर्टाच्या आत छातीशी होतो. तासभर माणसं बोलत राहिली. वसराम एका कानानं तांड्याचं ऐकत होता आणि दुसऱ्या कानानं लदेणीचं. म्हणजे खरं तर एकाचंच ऐकत होता.

शेवटी सेवा नायक म्हणाला, “आमी दूरचे पाव्हणे. लांबण लावू नका. नायक, एकच शब्द सांगा. धरून ठेवायचं का तोडायचं?”

आणि माझ्यातून दीपक, तोही लदेणीतलाच, ओरडला, “दादा, बोला लवकर! वेढा धरून ठेवू का दरवाजा तोडू?”

“तोडा,” वसराम म्हणाला. “आताच तोडा. वाट पाहू नका.”

तांड्याची नसाब गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत चालते आणि दीपक मराठीत बोलत होता. पण तोडणं हे दोन्हीकडे तोडणंच. नेमका तेवढाच शब्द त्याच्या तोंडून निघावा!

सेवा नायकानं हात जोडून राम राम केला आणि त्याची माणसं उठली. तिकडे दरवाजा पडला, एकोणपन्नास जण “नायकजी, नायकजी” करून नाचत होते. वसराम हसला. मग त्यानं मान वर केली. रुक्माबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा माझ्याशी टेकलेली त्याची छाती धाडधाड उडायला लागली. बोल, मी मनात म्हणत होतो, आत्ताच बोल, अजून पाव्हणे जीपपर्यंत पोचले नाहीत. पण बोलायचं म्हणजे काय सांगायचं? नायक ओट्यावर बसून खेळत होता म्हणून? त्याची जीभ उचलली नाही.

नायकाचा शब्द मागे येत नाही, आणि तो विनाकारणही नसतो. म्हणून लोक कारण शोधायला लागले. नायकाला काहीतरी कळलं असंल. पोरगी हिंगोलीत एकली राहाते. पाण्याच्या टाकीपाशी कुजबूज सुरू झाली ती कळमनुरीच्या बाजारापर्यंत गेली. बुडत्याचा पाय खोलात, तसं वसराम एकेक दिवस गप्प राहत गेला. गप्प राहण्यासाठी तो आणखी खेळत गेला. महिन्याभरात संतोषचा गूळ दुसरीकडे वाटला गेला.

त्यानंतर पुनम आली. रडली नाही, बसलीही नाही.

“काका, मला संतोष वापस नको. तुमी तोडा म्हणले, बराबर. काहून म्हणले तेवढं सांगा. लोक माझ्यात खोट हुडकून राहिले. मीबी हुडकून राहिले. मला सापडंना.”

मी नेमका तेव्हाच थरथरलो. हल्ला होता. वसरामनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पुनमनं पाहिलं. पोरगी हुशार. तिला सगळं उमजलं.

“याच्यासाठी?” ती म्हणाली. एवढंच म्हणून ती निघून गेली.

वसराम बापाच्या खाटेपाशी गेला आणि सगळं ओकला. रामसिंगनं डोळे मिटून ऐकलं. त्याचा आवाज म्हणजे नुसती हवा उरली होती.

“मंग मला काहून सांगतूस?” तो म्हणाला. “वट्यावर जाय.”

वसराम गेला. बायाबापड्यांसकट सगळा तांडा बोलावला. मला त्यानं मधोमध दगडावर ठेवलं.

“पुनमच्यात कायबी खोट न्हाई. त्या दिवशी मी हितं बसलो होतो, पण तुमच्यात नव्हतो. तो शब्द ह्या खेळातला होता. आजपासून मी नायक न्हाई.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी थुंकलं. रुक्माबाई उठून त्याच्यासमोर आली. मला वाटलं, आता ही मारते. ती म्हणाली, “पहिल्याच दिशी बोलला असतास तर, भाऊ.” आणि घरी गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

खेळ त्यानं तिथंच पुसून टाकला. त्याच संध्याकाळी दीपकनं फोनवर सांगितलं की लदेणीला दुसरा नायक मिळाला, गुजरातकडचा कुणी. तांड्याची गादी मात्र अजून रिकामी आहे. आणि जित्याची खोड कुठे जाते? त्याचा अंगठा अजूनही माझ्यावर जिथं खेळ होता त्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबतो. त्या वेळी मला फार भीती वाटते.

आता मी जुना झालो. दुपारीच माझा दम संपतो. तुम्ही मला घ्या, वापरा, मी नाही म्हणणारा कोण? पण मी थरथरलो तर आधी समोर कोण बसलंय ते पाहा. मी थांबू शकतो. माणसं उठून जातात.

परवा वसरामनं पुनमला फोन लावला. महिनाभर रोज लावायचा, ती उचलायची नाही. परवा उचलला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

“बोला काका,” पुनम म्हणाली. “मी ऐकून राहिले.”

वसरामनं मला दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. आणि पलीकडून तिनंही फोन ठेवला नाही.