नदीच्या गाण्यावरचा उजेड

गोपिका मॅडम जितेंद्रच्या दुकानात आल्या, तेव्हा बराच वेळ त्या दुसरंच काहीबाही बोलत राहिल्या. उन्हाचं, रस्त्याच्या खोदकामाचं. मग एकदम म्हणाल्या, "शाळेचं संगीत नाटक बसवतेय मी. आपल्या नागपूरच्या नाग नदीची गोष्ट आहे. आमचा लाइटवाला पुण्याला निघून गेला. तुम्हाला विचारणं बरोबर नाही, कळतं मला. आठवीचीच मुलं आहेत सगळी."

जितेंद्र वायर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला. शहरातल्या नाटकांना, ऑर्केस्ट्रांना लाइट देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या शाळेच्या हॉलमध्ये मात्र तो, त्याची मुलगी मयुरा गेल्यापासून, पाऊल टाकत नव्हता. पाचवीत असताना, पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. आज ती आठवीत असती.

"करतो," तो म्हणाला. इतक्या पटकन, की मॅडमच चपापल्या.

घरी त्याची बायको कामिनी कणीक मळत होती. ऐकलं आणि तिने परात बाजूला सारली.

"तुमी हो काहून म्हटलं? तिचा फोटो ठेवून पोरांनी फुलं वाह्यली ना त्या हॉलमध्ये? तिथं जाऊन रंगीत दिवे लावणार तुमी?"

"तिच्या वर्गातली पोरं आहेत, कामिनी. दुसऱ्या कोणी त्यांचे लाइट करावे, हे मले बरं नाही वाटलं."

"मले नाही जमत असं. मी येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

तिचंही बरोबर होतं आणि त्याला जायचंही होतं.

नाटकात नदी होणार होती श्वेता, मयुराची जिवाभावाची मैत्रीण. शेवटच्या गाण्यात बाकी सगळी मुलं अंधारात बसणार आणि नदी एकटीच उभी राहून गाणार. मॅडमना तिथे भडक निळा उजेड हवा होता. जितेंद्रने मान हलवली. "निळ्यात पोरीचा चेहरा मेल्यावानी दिसते, मॅडम. मागून निळा देऊ, अन् चेहऱ्यावर साधा पिवळसर, सकाळच्या उन्हासारखा. गाणं पुढं जाईल तसा हळूहळू वाढवू." मॅडमना ते पटलं.

लाइट बांधायला तो सकाळीच गेला. मुलं वर्गात होती, हॉल रिकामा. मदतीला अंकुश होता, त्याच्या दुकानातला जुना माणूस, पण एक केबल खराब निघाली म्हणून तो ती आणायला सीताबर्डीला गेला होता. एरवी लाइटचा नेम धरताना अंकुश नटाच्या जागी उभा राहायचा. आज जितेंद्रने एकट्यानेच काम केलं. रंगमंचाच्या मधोमध खडूने फुली मारली, तिथे उभं राहून हात आडवा धरला, चेहरा इथे येईल असं ठरवलं आणि शिडीवर चढून त्या अंदाजाने स्पॉट घट्ट आवळून टाकला. नेहमीचं काम. विचार करावा असं त्यात काही नव्हतं.

दुपारी तालीम सुरू झाली. खिडक्यांना पडदे लागले, श्वेता फुलीवर येऊन उभी राहिली. जितेंद्रने उजेड वाढवला. तो तिच्या छातीवर पडला, गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहरा काळोखात.

"सर, लाइट खाली पडतोय का हो?" मॅडमनी विचारलं.

जितेंद्र पाहत राहिला. अशी चूक त्याच्या हातून नवखा असतानाही झाली नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं, सकाळी त्याने हात कुठे धरला होता ते. मयुरा त्याच्या शेजारी उभी राहिली की तिचं तोंड जिथे यायचं, तिथे. ही पोरं तेव्हापासून वाढली होती. त्याच्या हाताला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

श्वेताने अंधारातून हाक मारली. "काका, मी थोडी वाकून उभी राहू का?"

"नाही बेटा," तो म्हणाला. "तू सरळ उभी राह्य. लाइट मी वर घेतो."

शिडी धरायला श्वेताच पुढे आली. तो उतरल्यावर हळूच म्हणाली, "काका, मयुरा माझ्याहून उंच होती. प्रार्थनेच्या रांगेत ती माझ्या मागं राहायची. आता तर खूपच उंच झाली असती ना?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी त्याने हे सगळं कामिनीला सांगितलं, जसं घडलं तसं. ती ऐकत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. म्हणाली, "एकटे नका जाऊ त्या दिवशी. मी येते."

प्रयोगाला ती आली, मागच्या रांगेत कडेला बसली. जितेंद्र तिच्यापासून थोड्याच अंतरावर, लाइटच्या बोर्डाशी होता; अंकुश रंगमंचामागे. मुलं चुकली, हसली, सावरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रंगमंच काळा झाला, मागे निळा उमटला आणि श्वेता गाऊ लागली. जितेंद्रने बटण हळूहळू वर सरकवलं. उजेड तिच्या चेहऱ्यावर नेमका चढत गेला.

तेवढ्यात कामिनी उठली. तोंडावर पदर दाबून ती दाराकडे निघाली. जितेंद्रने ते पाहिलं. त्याला उठायचं होतं. पण गाणं अर्धंच झालं होतं, उजेड अजून चढवायचा होता; तो उठला असता तर ती पोर तशीच अर्धवट उजेडात राहिली असती. तो बसून राहिला. शेवटचा सूर विरेपर्यंत उजेड चढवत नेला आणि मग, ठरल्याप्रमाणे, हळूहळू उतरवला.

टाळ्या चालू असतानाच त्याने अंकुशला बोलावून बोर्डाशी बसवलं आणि तो बाहेर धावला. कामिनी पाण्याच्या नळांपाशी, ओट्यावर बसली होती.

"चांगला होता लाइट," ती म्हणाली. "मलेच पाहवलं नाही."

तो तिच्या शेजारी बसला. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी श्वेताला हाका मारत होतं. कामिनीने त्याचा हात धरला आणि दोघंही तो गलका संपेपर्यंत तिथून उठले नाहीत.