बाजूले ठेवून दे

तळ्याच्या पाळीवरून गावात उतरलं की पहिलं घर कुंदाबाईचं. म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांनी आपापल्या पत्त्यात तिचं घर घालून ठेवलं होतं. 'कुंदाबाई टेंभरे यांच्या घराजवळ.' तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिनं मनाईही केली नव्हती. मोबाइलवरून सामान मागवायचं खूळ गावात शिरलं तेव्हापासून सामानवाल्यांच्या गाड्या तिच्याच फाटकाशी थांबायच्या. अमका कुठं राहतो, तमका घरी आहे का. कुंदाबाई रस्ता दाखवायची, आणि दाखवता दाखवता त्या अमक्याच्या बापानं कोणाच्या शेताची धुरी, म्हणजे बांध, कोरली होती तेही सांगून टाकायची. तिच्या स्वतःच्या नावाचं पार्सल आजवर एकही आलं नव्हतं.

त्या शनिवारी लीलाधर आला तेव्हा ती सपरीत, पुढच्या ओसरीवर, बसून मोहफुलातला कचरा निवडत होती. लीलाधर तिरोड्याहून तीनचाकी टेम्पो घेऊन यायचा. चाळिशी उलटलेला, डोक्यावर टोपी, तोंडावर सदा घाम.

"काकी, हे तुमच्याकडं ठेवाचं आहे."

"कोणाचं होय?"

"बाजूवाल्याइचं. चंद्रकुमार टेंभरे. घराले कुलूप आहे. फोन केलो त म्हणाले, बाजूवाल्याइकडं देऊन द्या."

कुंदाबाईचा हात मोहफुलातच थांबला. "कोण म्हणालं?"

"तेच. स्वतः."

"तुले बराबर ऐकू येते ना?"

"अवो काकी, दिवसभर कानाले फोनच राहते. मले नाही ऐकू येईन त कोणाले येईन?" त्यानं खोकं पायरीवर ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि टेम्पो वळवून निघून गेला.

चंद्रकुमार म्हणजे तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याच्या चड्डीला नाडी नव्हती. ती नाडी तिनं घातली. पुढं त्याचं लग्न तिनं जमवलं, वाटणी झाली तेव्हा मधली भिंतही तिनंच उभी राहून घालून घेतली, आणि ती मुद्दाम खांद्याइतकीच ठेवली, इकडून तिकडं भाजीची वाटी जावी म्हणून. आता सहा वर्षं झाली, त्या भिंतीवरून वाटी गेली नव्हती की शब्द गेला नव्हता.

झालं होतं ते असं. खेमराजच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत भर दुपारी कळ आली. चंद्रकुमार राइस मिलवर होता, मालकाची जीप त्याच्याच हाताखाली. कुंदाबाईनं फोन लावला. तो म्हणाला, "येऊन राहिलो, वहिनी." तिनं पाच वेळा लावला, पाचही वेळा तो म्हणाला, येऊन राहिलो. आमच्याकडं येऊन राहिलो म्हणजे काहीही असतं. माणूस फाटकाशी असतो तेव्हाही म्हणतो आणि ताटावर बसलेला असतो तेव्हाही म्हणतो. दीड तासानं जीप आली. तोवर जीपचं काम उरलं नव्हतं. मागाहून कोणीतरी सांगितलं की पाळीच्या अलीकडं चाक बसलं होतं आणि तो उन्हात एकटाच चाक बदलत होता. पण ते त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

तेरवीच्या दिवशी तो वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढायला जरा उशिरा आला. कुंदाबाई पन्नास माणसांत म्हणाली, "याचं येऊन राहिलो अजून येऊनच राहिलं आहे." दोघे-तिघे हसले. चंद्रकुमारनं बादली खाली ठेवली आणि गेला. बोलून झाल्यावर तिलाही वाटलं, जरा जास्तच झालं. पण बोललेलं माघारी घ्यायची सवय तिच्या जिभेला नव्हती, आणि साठीला आल्यावर ती कुठून लागणार?

आणि आज तोच म्हणतो, बाजूवाल्याइकडं ठेव.

तिनं खोकं उचललं. हलकंच होतं. हलवून पाहिलं तर आत काहीतरी खडखडलं. ते तिनं देवाच्या फळीखाली ठेवलं, मग तिथून काढून दारातून दिसेल असं स्टुलावर ठेवलं. मनाशी म्हणाली, सामान त्याचं, गरज त्याची. येईल. आपण बोलवायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी चंद्रकुमारची मोटारसायकल आली. ती सरळ होऊन बसली. मोटारसायकल पुढं गेली. थकला असेल, उद्या येईल. रविवारी तिनं अंगण सारवलं, ताजं दूध आणून ठेवलं. दिवसभर शब्द जुळवत बसली. 'ये' म्हणायचं की 'आला का' म्हणायचं? 'आला का' म्हटलं तर त्याला पुन्हा टोमणाच वाटायचा. 'ये' बरं. एकदा तर रिकाम्या घरात ती मोठ्यानं "ये गा" म्हणाली आणि स्वतःलाच दचकली, कारण त्या दिवसात तिच्या तोंडून निघालेला तो पहिलाच शब्द होता. भिंतीपलीकडं त्याची जाऊन-येऊन खुडबूड ऐकू येत होती. त्याची बायको पुष्पांजली सालेकशाला माहेरी लग्नाला गेली होती, त्यामुळं तोही घरात एकटाच. खोकल्याचा आवाज आला तेव्हा कुंदाबाई उगाचच खोकली. सोमवार गेला. दूध नासलं, ते तिनं कुत्र्याला घातलं.

मंगळवारी चारच्या सुमाराला टेम्पो आला. लीलाधर फाटकातूनच ओरडला, "काकी, ते पार्सल आहे ना?"

"आहे ना. त्याले का पाय फुटते?"

तो आत आला आणि पायरीवर मटकन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या माणसानं माझी तक्रार केली. म्हणते, सामान पोचलं दाखवून राहिले अन् मले भेटलंच नाही. डिलिव्हरीवाला चोर आहे म्हणते."

"कोण म्हणते?"

"तुमचा बाजूवालाच, आणखी कोण! तिसरी तक्रार होय माझी. पहिली कुत्र्यापायी. बाईले म्हटलं, कुत्रा बांधा, त म्हणे उद्धट बोलला. दुसरी त मले अजून समजली नाही का होती. आता सहा वाजेपर्यंत यानं मागं नाही घेतली त माझी आयडी बंद. आयडी बंद म्हणजे काम बंद."

"मग त्याले फोन लाव ना! माझ्या तोंडाकडं का पाहतं?"

"नंबर ब्लॉक करून ठेवला त्यानं. मिलवर गेलो त वॉचमन आत जाऊ नाही देत. कस्टमर केअरले लावलो त ते पोरगी हिंदीत एकच गोष्ट घोकते. दिवसाले ऐंशी लोकाइसंगं बोलतो मी, काकी. कुठं आहे, किती वेळ, याच्या पलीकडं कोणी शब्द नाही बोलत. अन् आज मले कोणाशी बोलाचं आहे त कोणी उचलत नाही."

 कुंदाबाई म्हणाली, "पण त्यानंच सांगितलं ना तुले, माझ्याकडं ठेव म्हणून? मग तक्रार काऊन करते?"

"तेच त! थांबा, माझ्या फोनमधी आपोआप रेकॉर्ड होते." त्यानं बोट फिरवलं आणि फोन तिच्यापुढं धरला.

आधी मिलच्या पट्ट्याचा धडधडाट. मग लीलाधरचा आवाज, सर, घराले कुलूप आहे. मग चंद्रकुमारचा, घाईचा, कोणाला तरी मधेच रागावणारा. "अरे, बाजूले ठेवून दे ना यार. मी पाहून घेतो."

"आखीन लाव," कुंदाबाई म्हणाली.

त्यानं लावलं. बाजूले ठेवून दे.

"आखीन."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं हातानंच बस म्हटलं. टेंभऱ्यांच्या घरात हा शब्द तिनं चाळीस वर्षं ऐकला होता. खेमराज पायात आलेली टोपली बाजूले ठेव म्हणायचा. मिलवर तर दिवसभर पोती बाजूलेच ठेवत असतील. दाराच्या बाजूला ठेव, आडबाजूला सरकव, एवढंच. त्यात शेजार नव्हता. त्यात कुंदाबाई नव्हती. नव्हतीच कधी.

"त्यानं दाराच्या बाजूले सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू बाजूवाल्याइच्या घरी दिलं."

 "बाजूले म्हणजे बाजूवाल्याइकडं नाही का, काकी?"

"तुले तसं ऐकू आलं." आणि मलेही, हे मात्र ती बोलली नाही. तिनं स्टुलावरच्या खोक्याकडं पाहिलं. तीन दिवस त्याच्याशी मनातल्या मनात बोलली होती, आता ते नुसतं पुठ्ठ्याचं खोकं दिसत होतं.

घड्याळात साडेचार झाले होते. लीलाधर टोपीची कड कुरतडत बसला होता. मागत काहीच नव्हता, आणि त्याचाच तिला राग आला.

"बस असाच," ती म्हणाली आणि आत जाऊन आपला फोन घेऊन आली. बटणांचा जुना फोन. खेमराजनं त्यात आकडे बसवून दिले होते, कारण तिला नावं वाचता यायची नाहीत. दोन दाबून धरला की नागपूरची लेक रुचिका. तीन दाबून धरला की चंद्रकुमार. दोनचा आकडा घासून पार गेला होता. तीनचा अजून दुकानातून आणल्यासारखा पांढरा होता.

तिनं तीन दाबून धरला.

एक घंटीही पुरती वाजली नाही. "वहिनी? का झालं? वहिनी?"

मागं मिल धडधडत होती आणि त्या आवाजावर त्याचा आवाज चढला होता, घाबरलेला. सहा वर्षांनी या नंबरवरून फोन येतो तेव्हा कोणी तरी मरणाच्या दारात असतं, हे त्याला ठाऊक होतं. कुंदाबाईनं पायरीवर बसलेल्या लीलाधरकडं पाहिलं. 

"मले का होते? तुझं पार्सल माझ्या घरी पडून आहे शनिवारपासून."

"तुझ्या घरी?"

"तूच म्हणाला ना, बाजूले ठेव. त्यानं बाजूले ठेवलं. अन् तू त्या गरिबावर चोरीचा आळ घेऊन बसला. सहा वाजता त्याची रोजी जाऊन राहिली. तक्रार मागं घे आधी."

 तो म्हणाला, "येऊन राहिलो."

फोन बंद झाला.

पाच वाजून दहा मिनिटांनी लीलाधरच्या फोनला टुण्णकन झालं. त्यानं वाचलं, आणखी एकदा वाचलं, आणि टोपी डोक्यावर घातली. "घेतली, काकी. मागं घेतली." तो पाया पडायला वाकला तसे तिनं पाय आखडले.

"पाया नको पडू. पुढं विचारत जा, बाजूले म्हणजे कोणत्या बाजूले."

तो हसला, डोळे पुसले, आणि उरलेल्या घरांचं सामान घेऊन गेला. टेम्पोचा आवाज पाळीवर चढून विरला. कुंदाबाईनं चहाचं आधण ठेवलं. ते आटलं, तिनं पुन्हा पाणी घातलं.

दिवेलागणीला मोटारसायकल आली आणि या वेळी तिच्या फाटकाशी थांबली. कुंदाबाई उठली. पदर सारखा केला. 'ये' तिच्या तोंडाशी आला होता. मागच्या सीटवरून पुष्पांजली उतरली, हातात माहेरची पिशवी. मोटारसायकल तशीच पुढं सरकली आणि आपल्या फाटकात शिरली.

"बाई," पुष्पांजली दारातूनच म्हणाली, "ते पार्सल मागितलं त्याइनं. मले स्टेशनावरून घेऊन येता येता सांगितलं."

कुंदाबाईच्या जिभेवर ते आलंच. अजून येऊनच राहिला का? सहा वर्षांपूर्वीचं तेच, तसंच्या तसं धारेचं. पुष्पांजली तिच्या तोंडाकडं बघत उभी होती, तिलाही ते येणार हे माहीत असावं. कुंदाबाईनं खोकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"ने," ती म्हणाली. "बरं झालं का लग्न?"

"बरं झालं," पुष्पांजली म्हणाली.  "गाडीचा आरसा होय, बाई. फुटला होता त्याइचा." आणि गेली.

कुंदाबाई सपरीत बसली. भिंतीपलीकडं पुठ्ठा फाडल्याचा आवाज आला. मग पान्ह्याचा.  चहा चुलीवरच राहिला होता. तो उतरवायला ती उठणार तेवढ्यात फोन वाजला. नाव वाचता येत नव्हतं, रुचिका असेल म्हणून तिनं कानाला लावला.

"वहिनी," चंद्रकुमार म्हणाला.

हे तिला दोनदा ऐकू आलं. आधी भिंतीवरून, मग फोनमधून.

"हाव," ती म्हणाली.

"पार्सल भेटलं." भिंतीवरून, मग फोनमधून.

"हाव."

"त्या माणसाचं काम राहिलं ना?"

"राहिलं."

  भिंत खांद्याइतकीच होती. दोघांपैकी कोणी उठून उभं राहिलं असतं तर दुसऱ्याचं डोकं दिसलं असतं.

"ठेवू?" भिंतीपलीकडून आलं.

फोनमधला 'ठेवू' मागाहून पोचेपर्यंत तिनं फोन कानापासून काढून मांडीवर ठेवला होता आणि ती भिंतीकडं कान देऊन बसली होती. "ठेव," ती म्हणाली, फोनमध्ये नाही, मोठ्यानं, भिंतीकडं तोंड करून. त्याला ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. तिकडून काही आलं नाही, पण त्यानं फोन ठेवला नव्हता, आणि मांडीवरच्या फोनचा दिवाही बराच वेळ विझला नाही.