झाडीपट्टीची राणी माझ्यावर उभी राहिली

मी कॅनव्हास बोलतोय. जन्माने साधं जाडं कापड, चौकटीवर ताणून ठोकलेलं. पण आज छाती फुगवून बोलतोय, कारण माझ्यावर एक राणी उभी आहे.

ब्रह्मपुरीच्या चित्रकार उर्वशीने मला घरी आणलं ते तिच्या गावच्या नाटक मंडळासाठी. मंडळाला रुखमाबाईंचा सत्कार करायचा होता. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत राणी अशी गाजवली, की माणसं बैलगाड्या जुंपून बघायला येत. पण वैनगंगेच्या पुरात घरची पेटी वाहून गेली आणि त्या दिवसांचा एकही फोटो उरला नाही.

मंडळाचे गुणवंतराव म्हणाले, "एआयले सांगा, लगेच फोटो बनवून देते. फ्लेक्स लावून टाकू."

रुखमाबाई सांगत गेल्या, उर्वशी कॉम्प्युटरवर लिहीत गेली. चित्र आलं. गोरीपान नटी, अंगभर हिरे, मागे संगमरवरी महाल!

रुखमाबाई आधी हसल्या, मग त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर काढली. "पोरी, हे कोण व्हय? एवढी गोरी मी कवा होती? राहू दे तो सत्कार. लोक म्हणतील, बुढी खोटं बोलून राह्यली."

उर्वशीचा चेहरा उतरला. पण रुखमाबाईंची नजर पुन्हा पडद्यावर गेली. "हात मात्र माह्यासारखाच उचलला तिनं. आन् हा खालून येणारा उजेडबी तसाच. गॅसबत्ती पायापाशी राहे."

तेवढं उर्वशीला पुरलं. तो उचललेला हात, तो उजेड तिने माझ्यावर रेखून घेतला. मग रुखमाबाईंना खिडकीपाशी बसवलं आणि तेलरंग कालवले. गोऱ्या गालांच्या जागी सावळी कांती आली. हिरे गेले, चमकीच्या कागदाचा मुकुट आला. महालाच्या जागी बांबूचा मांडव उभा राहिला. सुरकुत्यांमागचे डोळे शोधायला मात्र तिला फार वेळ लागला. कितीदा तिने ते खरवडून काढले! मी मुकाट्याने सोसलं.

गुणवंतरावांना धीर निघेना. "उर्वशीबाई, हा रंग कवा सुकन? एआयच्या फोटोचा फ्लेक्स छापून तयार आहे."

"राहू द्या भाऊ. पहिले बाईले पाहू द्या. त्या नाई म्हणल्या, त फ्लेक्सच लावा."

सत्काराच्या दिवशी भरल्या मांडवात माझ्यावरचं कापड निघालं. रुखमाबाई काठी टेकत जवळ आल्या. माझे धागे ताणले गेले.

"हे मीच व्हय," त्या हळूच म्हणाल्या. मग कंबर सरळ झाली, काठी गळून पडली आणि मांडव दणाणला, "दरबारात शांतता! राणी बोलते आहे!"

टाळ्या थांबेनात. म्हातारे नथ्थूभाऊ खुर्चीवर चढून ओरडले, "हीच आमची राणी! हीच!" गुणवंतरावांनी स्वतःच्या हातांनी फ्लेक्स गुंडाळला.

आता मी मंडळाच्या तालमीच्या खोलीत असतो. नव्या नट्या माझ्यापुढे उभ्या राहून पदर नीट करतात. लोक विचारतात, हे यंत्राने काढलं की बाईने? मी मनात म्हणतो, दोघांनीही काढलं. पण आधी एका म्हातारीला समोर बसवून ऐकलं. तुमच्याही गावात फोटो न उरलेलं कुणी असेल. जा, त्यांच्यापाशी बसा. माझ्यासारखे कोरे कॅनव्हास पुष्कळ आहेत.