मोरपिसाचा तरंगा

तात्यासो चौगुले जन्माचा जैन. कांदा-लसूणही उंबऱ्याच्या आत येत नाही अशा घरातला. आणि तरी मासे धरायच्या गळाला बांधायचा तरंगा निवडावा तर तात्यानंच, असं दादा सरनोबत चारचौघांत छातीठोक सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. कळंब्याच्या तलावावर वारा सुटला असेल तर बुचाचा तरंगा, पाणी गढूळ असेल तर शाळू-ज्वारीच्या धाटातल्या पांढऱ्या गाभ्याचा, आणि पाणी निवांत, मासा लाजरा असेल तर मोरपिसाची बारीक काडी. मासा नुसता तोंड लावून गेला तरी ती काडी मान हलवते. दादाला हे कळत नव्हतं असं नाही, हायस्कुलात शास्त्र शिकवायचा तो. पण त्याला घाई फार. हाताला लागेल तो तरंगा बांधायचा आणि मासे येत नाहीत म्हणून तलावाला शिव्या घालायचा.

दोघे शाळेपासूनचे मित्र. तात्यासोचं शाहूपुरीत लोखंडी सामानाचं दुकान, शिरोलीच्या कारखान्यांना नट-बोल्ट पुरवायचा. रविवारी दुकान माणसांवर टाकून तो दादाबरोबर सायकल काढायचा. तरंगा निवडून द्यायचा, मग दोघे तासन्‌तास त्या एवढ्याशा काडीकडे बघत बसायचे. मासा वर आला की हा तोंड फिरवायचा. त्याची बायको त्रिशला काही दुधखुळी नव्हती, पण नवऱ्याच्या ताटात मासा येत नाही ना, मग जाऊ दे, म्हणायची.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. महाराजांची पिच्छी मोरपिसांची. बसण्याआधी ते त्या पिसांनी जमीन हळूच झाडायचे, किडामुंगीला इजा नको म्हणून. नवी पिच्छी करायची ठरली आणि मोरांनी आपणहून टाकलेली पिसं निवडायला बसवलं कुणाला, तर तात्यासोला! नजर चांगली ना त्याची. तो खाली मान घालून पिसं निवडत होता आणि समोर महाराज सांगत होते, जीव मारणारा, मारायला मदत करणारा आणि ते बघून बरं मानणारा, तिघांचं पाप सारखंच. तात्यासोच्या हातातलं पीस हातातच राहिलं. अशाच पिसांच्या काड्या त्यानं इतकी वर्षं दादाला निवडून दिल्या होत्या. त्यानं तिथंच उठून महाराजांपुढं नियम घेतला. तरंगा निवडणार नाही, आणि मासे धरताना बघायला जाणारही नाही.

दादाला त्यानं दुकानातच सांगून टाकलं.

"निवडू नको की मग," दादा म्हणाला. "नुसता शेजारी बस."

"बसलो तरी बघणं आलंच. बघून बरं मानलं तरी पाप लागतंय, दादा."

"बरं," दादा म्हणाला. चहा अर्धा ठेवून उठला.

नियम घेणं सोपं, रविवार काढणं अवघड. तात्यासो गल्ल्यावर बसायचा आणि डोळ्यांपुढं कळंब्याचं पाणी. वारा पडला की मनात यायचं, आज मोरपिसाची काडी. मग स्वतःचाच राग यायचा, आणि माणसाला स्वतःचा राग आला की तो काढतो दुसऱ्यावर, ही तर जगाची रीतच.

दिवाळी झाल्यावर दादा एकदा दुकानात आला. आत कागलची चार गिऱ्हाइकं बसलेली.

"तात्या, एकदा कळंब्याला चल. तुला काय तरी दाखवायचं हाय."

जावंसं तर इतकं वाटत होतं की तात्यासोनं गल्ल्याची कड घट्ट धरली. आता गेलो की नियम मोडला, ही त्याला धास्ती. म्हणून नको तेवढं तोडून बोलला. "माशाला कणीक दावतोस तसं मला बोलवाय आलास व्हय? मी न्हाय गिळणार."

गिऱ्हाइकं खो-खो हसली. दादा हसला नाही. टोपी सारखी केली. "बस मग दुकानात," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

त्यानंतर वाटेत गाठ पडली तरी "बरं हाय?" "बरं हाय," एवढंच. शाळेतली दोस्ती, पण दोघांचा ताठा असा की मोडेल पण वाकणार नाही. वर्षं गेली. मग एक दिवस कळलं, दादाला झटका आला, वाचा गेली, एक अंग लुळं पडलं. तात्यासो दुकान तसंच टाकून धावला.

दादाच्या बायकोनं, मीनाक्षीवहिनींनी, दार उघडलं. दादा खाटेवर पडलेला, तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र जागे. तात्यासो काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "वहिनी, बरा झाला की परत कळंब्याचे मासे आणंल बघा."

"मासे?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही नियम घेतला तेव्हापासून कळंब्याचा मासा आमच्या घरात शिजला नाही. हे गळच बांधत नव्हते. दोऱ्याला नुसती कणीक बांधायची. मासे ती खाऊन जायचे, हे तरंगा हललेला बघत बसायचे. म्हणायचे, आता ह्यात जीव कुठं मरतोय? तात्याला सांगून पटायचं न्हाय, त्याला नेऊनच दाखवतो." त्यांनी दादाचं पांघरूण सारखं केलं. "दाखवलं नाही का त्यांनी?"

तात्यासोला दुकानातला तो दिवस आठवला. अरे देवा, हे दाखवायला आला होता तो, आणि आपण त्याचं चार लोकांत हसं करून त्याला घालवला! खिडकीत तरंग्यांचा डबा होता, तो त्यानं उघडला. गळच नाही तर नियम कशाचा आडवा येतोय? सगळे तरंगे पांघरुणावर मांडले, एकेक बोटानं चाचपला आणि मोरपिसाची सगळ्यात बारीक काडी निवडली.

"दादा, चुकलो रं मी. रविवारी तुला रिक्षात घालून नेतो. ही बांधू. व्हय?"

दादा त्याच्याकडं बघत राहिला. तात्यासोनं काडी त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली नाहीत. हात कलला आणि काडी पांघरुणावर पडली. तात्यासोनं ती परत ठेवली, ती परत पडली.

"ह्या अंगालाच झटका आलाय जणू," तो डोळे पुसत वहिनींना म्हणाला.

"नाही हो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "गेलंय ते उजवं अंग. डावा हात चांगला आहे, मघाशी चहाचा कप त्यांनी त्याच हातानं धरला होता."