तिसरा कागद

हवा मोजायच्या यंत्राच्या झाकणाखाली हात घालून वसुधाने आधी झेंडूचं फूल काढलं, मग आपट्याचं पान, आणि शेवटी केळ्याचा एक तुकडा. त्यात उदबत्तीच्या बारा काड्या रोवलेल्या होत्या, बुडापर्यंत जळलेल्या. तिने ते सगळं पडवीच्या कठड्यावर ठेवलं आणि कोणाकडेही न बघता विचारलं,

"हे कोणी केलं?"

पडवी दत्तारामची होती. तो कामावर निघायच्या खाकी कपड्यांत दारात उभा होता. "पूजा मी केली मॅडम. काल दसरा होता ना."

"आणि उदबत्त्या?"

दत्तारामने काड्यांकडे पाहिलं. त्याने काल सकाळी यंत्राला हळदकुंकू लावलं होतं, फूल वाहिलं होतं, पान ठेवलं होतं. बस्स, एवढंच. त्याच्या घरात दीड वर्षात उदबत्ती लागली नव्हती. सुलक्षणाला, त्याच्या बायकोला, देवापुढच्या निरांजनाचा धूरसुद्धा सोसत नव्हता. त्याने मान वळवून आत पाहिलं. ती ट्रंकेला पाठ टेकून तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"त्या पण मीच लावल्या," दत्ताराम म्हणाला.

वसुधा सरकारी ऑफिसातली, वयाने पंचविशीची. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती खाली बसली. तिने चिमट्याने यंत्रातला कागद उचलला. काल सकाळी पांढरा शुभ्र घातलेला तो कागद आता काळा झाला होता. पहिल्या दोन दिवसांचे कागदही असेच काळे निघाले होते, आणि त्यांच्यावर फुलं वाहायला कोणी गेलं नव्हतं.

अंधेरीच्या पार टोकाला, विमानतळाच्या भिंतीला लागून ही बैठी चाळ होती आणि चाळीपासून शंभर पावलांवर कचरा जाळायचा खड्डा. विमानांतून उतरलेला कचरा टेंपोने तिथे यायचा. अर्धवट खाल्लेले पाव, प्लॅस्टिकचे ट्रे, चमचे, पेले, चकचकीत मासिकं, कधी उलटीच्या पिशव्या. परदेशातून आलेलं खाणं बाहेर जाता कामा नये, जाळूनच टाकायचं, असा नियम होता. कंत्राटदाराने सोय बघून सगळ्यालाच तो नियम लावला. प्लॅस्टिक पेटलं की आधी गोडसर वास यायचा आणि मग घशात काटे उभे राहायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. सुलक्षणा रात्री आडवी होऊ शकत नव्हती, ट्रंकेला टेकून बसल्या बसल्या झोपायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, एक तर धूर बंद करा, नाही तर जागा बदला. जागा कुठली बदलणार?

आणि तो खड्डा रोज पेटवायचं काम दत्तारामचंच होतं.

खड्डा बंद व्हावा म्हणून शेजारच्या शिवदासने अर्ज लिहिला. शिवदास विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर, अक्षर मोत्यासारखं. चाळीस सह्या त्याने घरोघर फिरून गोळा केल्या. दत्तारामची सही शेवटून दुसरी होती. ज्या हाताने खड्ड्याला काडी लावायची त्याच हाताने त्याने ती केली, आणि खड्डा बंद झाला तर आपली नोकरीही त्यात जाईल हे माहीत असून केली. अकरा खेपा मारल्यावर शिवदासला हे यंत्र मिळालं. तीन दिवस सलग हवा मोजायची, तिन्ही कागद काळे निघाले तर खड्डा बंद आणि कचरा झाकलेल्या गाडीतून देवनारच्या कचरा डेपोत. तिथल्या माणसांनी काय करायचं ते अर्जात नव्हतं. यंत्र दत्तारामच्या पडवीत बसवलं, कारण धुराच्या वाटेवर पहिलं घर त्याचंच होतं. जवळ दुसरा कसलाही धूर झाला तर कागद बाद, असं वसुधाने तेव्हाच घरात बजावलं होतं.

शिवदास अर्ध्या चड्डीवर, दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून धावत आला.

"काय झालं मॅडम?"

"तिसरा नमुना बाद धरतील."

"अहो, पण दोन आहेत ना काळे?"

"तीन सलग लागतात. आणि साहेब विचारणार, यात उदबत्तीचा धूर किती नि खड्ड्याचा किती? काय सांगू मी?" वसुधाने कागद पाकिटात सरकवला आणि पाकिटावर लिहिलं, नमुना दूषित. लिहिताना तिचं तिलाच कसंतरी झालं असावं, कारण तिने पाकीट पटकन पर्समध्ये टाकलं. "यंत्र एकच आहे आमच्याकडे. आज चेंबूरला जाईल. मग तुमचा नंबर पुढच्या वर्षी."

शिवदास दत्तारामकडे वळला.

"अरे, तुला अक्कल आहे का? हवा मोजायच्या यंत्राला उदबत्ती?"

"गिरणीत दर दसऱ्याला साच्याला लावायचो," दत्ताराम म्हणाला. त्यातलं निम्मं खरं होतं. अठरा वर्षं त्याने आपला साचा, म्हणजे कापडाचा माग, दसऱ्याला धुऊनपुसून, हार घालून पुजला होता. संपानंतर पुजायला यंत्रच उरलं नव्हतं. हे यंत्र रात्रभर पडवीत घरघरत राहायचं, त्या आवाजाने त्याला चार वर्षांनी गाढ झोप लागली होती. म्हणून त्याने फूल वाहिलं.

"लोक काय म्हणतील माहीत आहे ना? नोकरी वाचवायला मुद्दाम केलं म्हणतील." शिवदासचा आवाज फाटला. "मी नाही म्हणत तसं. पण म्हणतील यार."

दत्तारामने खाली मान घातली. शिवदास गालावरचा सुकलेला साबण पुसत घरी गेला. त्या दिवसापासून तो दत्तारामशी बोलला नाही.

खड्ड्यावर बातमी आधीच पोचली होती. मुकादम धोंडिरामने दत्तारामच्या पाठीवर थाप मारली.

"झकास! असं डोकं पाहिजे. शेटला सांगितलं मी."

दत्तारामला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याने लोखंडी सळई उचलली आणि टेंपोतून ओतलेला ढीग सारखा करायला लागला. डोक्यावर घारी घिरट्या घालत होत्या.

दुपारी सुलक्षणा डबा घेऊन आली. सकाळच्या गडबडीत तो घरीच राहिला होता. एरवी खड्ड्याकडे ती फिरकायची नाही. शंभर पावलं चालायला तिला तीनदा थांबावं लागलं. जवळ आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि दत्तारामला आठवलं की काल संध्याकाळी तो परतला तेव्हाही ते असेच होते. रात्रभर ती कधी नव्हे एवढी खोकली होती आणि तो सगळा वेळ खड्ड्याला शिव्या देत होता.

त्याने डबा घेतला. ऐकू जाईल इतक्या जवळ कोणी नाही असं बघून हळू विचारलं,

"कित्याक केलंस गो?"

तिने आधी श्वास जमवला.

"संपानंतर तुमी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेलात," ती म्हणाली. "जेवा म्हटलं तर जेवायचात, झोपा म्हटलं तर झोपायचात. ता माका परत बघायचा नाय."

"आणि तुझा खोकला?"

"खोकलो माझो आसा. मी बघीन त्याचं काय ते."

"बारा काड्या लावल्यास? तुला एक सोसत नाही."

"एकीने कागद बाद होतो काय?"

दत्तारामला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, धुराने आलं असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण खड्डा अजून पेटला नव्हता. सुलक्षणा पदर तोंडाला लावून त्याच्याकडे बघत राहिली. ती समजूत घालणाऱ्यातली नव्हती.

"घरी जा तू," तो म्हणाला. "मग पेटवतो."

"मुकादम बघतोय."

धोंडिराम खरंच शेडच्या सावलीतून बघत होता आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. दुसरा टेंपो मागे येऊन उभा राहिला होता. दत्तारामने ढिगावर रॉकेल शिंपडलं आणि काडी ओढली. वाऱ्याने ती विझली. दुसरीही विझली.

तिसरी काडी ओढताना सुलक्षणा पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांचा आडोसा धरला.